अनुमोदक महादेवराव

स्टीलचा जग माणसाच्या कपाळावर बसला की कसा आवाज येतो ते मला ठाऊक आहे, कारण तो जग मीच फेकला होता. मांडवखेड नगर परिषदेच्या सभागृहात, भर सभेत. लागला कुलदीपला, भुवईच्या वर. रक्त त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर उतरलं आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. वाईट वाटलं ते पुढं जे झालं त्याचं, आणि ते कुलदीपच्या टाक्यांवर भागलं नाही.

मी अनुपमा, प्रभाग सहाची नगरसेविका. बाजार चौकात माझी पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन येणाऱ्या बायांनीच मला उभं केलं आणि निवडून आणलं. माझं तोंड तिखट आहे हे त्यांना माहीत होतं, किंबहुना त्यासाठीच त्यांनी मला तिकडं पाठवलं.

आमच्याकडे कोणताही ठराव मंजूर व्हायचा तर दोन माणसं लागतात. एक सूचक, म्हणजे विषय मांडणारा. दुसरा अनुमोदक, म्हणजे माझा याला पाठिंबा आहे असं सांगून हात वर करणारा. दोघांचीही नावं प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहिली जातात ती कायमची. सूचक सापडायला अडचण नसते, त्याचा त्यात काहीतरी मतलब असतोच. अनुमोदक व्हायला मात्र कोणी धजत नाही. मतलब दुसऱ्याचा आणि उद्या बोंब झाली तर नाव आपलं, असला धंदा कोण करेल? आमच्या गावानं ही अडचण एकाच माणसावर निभावून नेली होती. तो माणूस म्हणजे महादेवराव.

महादेवरावांची ही पाचवी टर्म. सत्ता कोणाचीही असो, अनुमोदक तेच. नालीचा विषय असो, शववाहिकेचा असो की मोकाट कुत्र्यांचा, ते आपल्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले असायचे आणि अध्यक्षांनी ‘अनुमोदक?’ म्हटलं की झोपेतच त्यांचा उजवा हात वर जायचा. विषयपत्रिका त्यांनी कधी उघडली असेल असं मला वाटत नाही. मी एकदा चिडून विचारलं तर म्हणाले, “पोरी, गावच्या कामाले आडवा हात कायले घालू? आपला उभाच बरा.” मधली काही वर्षं निवडणुका नव्हत्या, प्रशासक बसला होता, तेव्हा हा माणूस बंद सभागृहाच्या पायरीवर येऊन बसायचा म्हणे. गावात कोणाचं लग्न जुळलं की लोक गमतीनं ओरडायचे, “अनुमोदक?” आणि महादेवराव पंगतीतून हात वर करायचे. सगळे हसायचे. मीही हसले आहे.

माझ्या गिरणीच्या समोर, बाजाराच्या भिंतीला लागून टिनाच्या दुकानांची एक रांग आहे. त्यातलं पहिलं निजामभाईंचं, लोहारकामाचं. वखराच्या पासा, कोळप्याच्या पाती, वेल्डिंगची कामं. शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, अमडापूर आणि धाडकडचे शेतकरी पाती पाजवायला, धार लावून घ्यायला तिथं बसलेले असतात. महादेवराव रोज सकाळी निजामभाईंकडे चहा प्यायचे. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा निजामभाईंनी त्यांना खांद्यावर घेऊन सगळं गाव फिरवलं होतं, असं जुने लोक सांगतात. दोघं एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय चहाचा घोट घेत नसत.

आता त्या सभेचं सांगते.

नगराध्यक्षा पुष्पाबाई. त्यांच्या खुर्चीमागं त्यांचा मुलगा शेखर. तो सभासद नाही, त्याला सभागृहात बसायचा अधिकार नाही, पण बाईंच्या पुढ्यातले कागद तोच सरकवतो. सातवा विषय होता, ‘आठवडी बाजारालगतच्या मोकळ्या जागेवर व्यापारी संकुल बांधणे.’ काम शेखरला मिळणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी उठले.

“मोकळी जागा कोणती म्हणता? तिथं अकरा दुकानं आहेत. माणसं पोट भरून राह्यली तिथं.”

“अतिक्रमण हाय ते,” कुलदीप म्हणाला. हा शेखरचा उजवा हात.

“तुया बापाचं घर मोजायले लावू का? ते कोणाच्या जागेवर हाय पाहू?”

कुलदीप उठून आला आणि त्यानं माझ्या हातातला माईक हिसकला. हिसकताना माईकचं टोक माझ्या ओठावर बसलं. तोंडात रक्ताची चव आली आणि मी जग उचलला.

त्यानंतर कोण कोणाला मारत होतं ते कोणालाच कळत नव्हतं. खुर्च्या उडाल्या. माईकच्या वायरनं एकानं दुसऱ्याचा गळा आवळला. भिंतीवरची तसबीर खाली आली आणि तिच्या काचांवर एकजण गुडघ्यावर पडला. शिपाई दाराबाहेर पळाला आणि त्यानं बाहेरून कडी लावून घेतली. माझे केस कोणाच्या तरी मुठीत होते, मी त्याच्या नडगीवर लाथा मारत होते, आणि त्या सगळ्या गोंधळात शेखरनं आईच्या कानाशी वाकून काहीतरी म्हटलं. पुष्पाबाईंनी कागदावर बोट ठेवून वाचलं, “विषय सात. सूचक कुलदीप. अनुमोदक?”

महादेवराव टेबलाखाली होते. खुर्च्या उडायला लागल्याबरोबर ते खाली शिरले होते, टोपी त्यांची वरच राहिली होती. शब्द कानावर पडला आणि टेबलाच्या कडेवरून त्यांचा हात वर आला. नुसता हात. मी ओरडले, “काका, हात खाली! खाली घ्या!” कोणाला ऐकू जाणार?

“मंजूर,” पुष्पाबाई म्हणाल्या.

कोणीतरी मोबाईलवर हे सगळं काढलं होतं. संध्याकाळपर्यंत टेबलाखालून वर आलेला तो हात गावभर फिरला. लोकांनी हसणारे पिवळे चेहरे टाकून तो पुढं पाठवला. निजामभाईंच्या पोराला, अकरमला, तो आला. त्यानं बापाला दाखवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी मी शटर वर केलं तेव्हा समोर भट्टी पेटलेली होती, पण निजामभाईंच्या हातात काम नव्हतं. ते नुसते ऐरणीजवळ उभे होते. महादेवराव नेहमीच्या वेळेला आले. बाकड्यावर टेकले आणि माझ्याकडे बोट दाखवून हसले.

“चहा सांग बे निजाम. काल लय मारामारी झाली. हे अनुपमा पाहाय, जगच फेकला तिनं.”

“तू कोठी होता?” निजामभाईंनी विचारलं.

“मी टेबलाखाली. या वयात मार खाऊ काय?”

“अन् हात?”

“हात काय?”

“वर केला ना तू.”

“तो तं करतोच मी,” महादेवराव म्हणाले.

“कोणत्या विषयाले केला, मालूम हाय?”

“आता विषय कोण पाह्यते बे? कोणती तं मोकळी जागा होती.”

निजामभाईंनी एकवार सगळीकडे पाहिलं. भट्टी, भाता, छताला टांगलेल्या पाती, महादेवराव बसले होते ते बाकडं. “हे मोकळी जागा हाय,” ते म्हणाले.

महादेवरावांना ते कळलंच नाही. मी रस्त्याच्या या बाजूला होते, त्यांचा चेहरा मला सरळ दिसत होता. त्यांना वाटलं निजाम नेहमीसारखी मस्करी करून राहिला.

“कोणता हात होता?” निजामभाईंनी विचारलं.

“हा.”

“ठेव अथी.”

महादेवरावांनी हसत हसत हात ऐरणीवर ठेवला, पालथा. “घे ठेवला. काय करतं, नाल ठोकतं काय?”

निजामभाईंनी मोठा हातोडा उचलला आणि मारला. एकदाच. मनगटाच्या वर, जिथं हाड सरळ असतं तिथं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि तो रस्ता ओलांडून माझ्यापर्यंत आला. माझ्या हातातला दळणाचा डबा सुटला. महादेवराव ओरडले नाहीत. त्यांनी आधी त्या हाताकडे पाहिलं, तो भलतीकडेच वळला होता, मग वर निजामभाईंकडे पाहिलं.

“काऊन बे?” ते म्हणाले. “काऊन बे निजाम?”

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या ऐकल्या आणि दिल्या, पण त्या ‘का रे’सारखं काही मला लागलं नव्हतं. निजामभाईंच्या हातातून हातोडा गळाला. ते भट्टीच्या बाजूला वाकून ओकले. मग अंगावरचा दुपट्टा काढून त्यांनी तो हात बांधला, महादेवरावांना उचलून खांद्यावर घेतलं आणि रस्त्यावर आले. अकरमनं ऑटो थांबवला. मीही बसले. सगळ्या रस्त्यानं निजामभाई एकच वाक्य म्हणत होते, “तुले इचारायचं होतं ना, तुले इचारायचं होतं.” कोणी कोणाला विचारायचं होतं ते मला कळलं नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? महादेवराव म्हणाले, “पडलो.” डॉक्टरनं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि डोळे मिटले.

तेवढ्यात शेखर आला, चार पोरं घेऊन, मोबाईल समोर धरून. बातमी त्याला आमचा ऑटो पोचायच्या आधीच लागली असावी. काल मंजूर झालेल्या ठरावाला आता त्याला एक फुकटचं कारण मिळालं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते लपत नव्हतं.

“काका, फक्त नाव घ्या. बाकीचं मी पाह्यतो.”

“पडलो.”

“ऐरणीवर पडले काय? सारा बाजार पाहून राह्यला होता.”

“पडलो म्हटलं ना.”

शेखरनं मोबाईल बंद केला. जाताना तो दारातल्या निजामभाईंच्या कानाशी थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, “आता पाहाय चाच्या.”

दुपारी आम्ही परतलो होतो, बाजार भरात होता, तेव्हा मोटारसायकली आल्या. पोरांनी तोंडाला रुमाल बांधले होते, पण आमच्या गावात रुमालानं काय लपते? कोण कोणाचा पुतण्या ते बाया नावानिशी सांगत होत्या. निजामभाईंच्या दुकानात गेटच्या कामासाठी लोखंडी सळ्या ठेवल्या होत्या. पोरांनी त्याच उचलल्या आणि त्यांनाच मारलं. पाठीत, पायांवर, डोक्यावर. निजामभाईंनी हात वर केला नाही. अंग चोरलं नाही की चेहरा झाकला नाही. मला वाटतं, त्यांना तो मार हवा होता. अकरम मध्ये पडला, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. भट्टी उलटली, निखारे बारदानावर पडले आणि टिनाला लागून ठेवलेलं लाकूड पेटलं. भाजीवाल्या बाया भाजीवर मारायचं पाणी बादलीनं आगीवर ओतत होत्या आणि तीच पोरं त्यांच्या टोपल्या लाथाडत पुढं जात होती. वांगी, सांभाराच्या जुड्या, मिरच्या सगळ्या रस्त्यावर तुडवल्या गेल्या.

मी गिरणीचा जुना पट्टा घेऊन धावले. एकाच्या पाठीवर ओढला, त्याचा शर्ट फाटला. दुसऱ्यानं माझ्या मांडीवर सळी मारली, ती जागा अजून थंडीत ठणकते. पोलीस आले तेव्हा पहिली चार दुकानं जमिनीला मिळाली होती.

त्या संध्याकाळी गाव दोन बाजूंना झालं. मोहल्ल्यातली पोरं मशिदीच्या अलीकडे जमली, चौकातली पाराजवळ. मध्ये पोलिसांची गाडी. मागच्याच शुक्रवारी ही पोरं एका कढईतली भजी खात होती. आता ती एकमेकांकडे अशी पाहत होती की मला भीती वाटली, आणि मी सहसा भीत नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच, महादेवराव बोलले की पेटणार. बोलले नाहीत तरी शेखर पेटवणार.

ठाण्यात पीआय शेखरला म्हणाला, जखमी माणूस पडलो म्हणतो, मी तक्रार कोणाची घेऊ? मी तिथंच होते. शेखरनं डोकं चालवलं. तक्रार नगर परिषदेची घ्या, म्हणाला. सभासदावर हल्ला म्हणजे नगर परिषदेवर हल्ला. आम्ही ठराव देतो. आणि लगेच पुष्पाबाईंच्या सहीनं विशेष सभा लागली. विषय एकच. निजामचा निषेध, त्याच्यावर जीव घेण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवण्याची मागणी, आणि ती सगळी रांग ताबडतोब पाडण्याचा आदेश. हा ठराव झाला असता तर म्हातारा जेलात मेला असता, अकरा घरं रस्त्यावर आली असती आणि त्या सभेनंतरची दुपार मांडवखेडनं जन्मभर विसरली नसती.

सभेच्या आदल्या दिवशी मी महादेवरावांकडे गेले. त्यांच्या बायकोनं, जनकाबाईंनी, दारातच मला घेतलं.

“तूच सांग यायले. माया नवऱ्याचा हात तोडला त्या मेल्यानं, अन् हे म्हणते पडलो. कोणाले वाचवून राह्यले? तुमची दोस्ती घाला चुलीत!”

महादेवराव खाटेवर होते, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. त्यांनी जनकाबाईंना चहा मांडायला पाठवलं आणि मला म्हणाले, “अनुपमा, तो सातवा विषय मले वाचून दाखव.”

मी वाचला. मोकळी जागा या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं, आणखी एकदा वाचायला लावलं.

“अजून कायकाय झालं माया हातानं?”

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी सांगून टाकलं. शाळेमागचा कचऱ्याचा डेपो. आमच्या प्रभागात कधी आलीच नाही ती पाण्याची लाइन. बाजारातल्या बायांसाठीचा संडास, जो फक्त कागदावर आहे. सगळ्याचे अनुमोदक तुम्ही काका, म्हटलं, दरवेळी तुम्हीच. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जनकाबाई चहा घेऊन आल्या तरी ते वळले नाहीत. मी चहा न पिताच निघाले.

विशेष सभेच्या दिवशी सभागृहाच्या खाली दोन्ही बाजूंची पोरं उभी होती आणि मध्ये पोलीस. निजामभाई पोलिसांच्या बाकावर बसले होते, डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून बंद. वर आम्ही सगळे. टेबलावर या वेळी स्टीलचे जग नव्हते, प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या. माझा तेवढा धाक बसला होता. मुख्याधिकारी साहेब एका कडेला, त्यांच्याजवळ बाबू प्रोसिडिंग उघडून. शेखर आईच्या मागं.

कुलदीप कपाळाची पट्टी मिरवत उभा राहिला आणि त्यानं ठराव वाचला. छान वाचला. सन्माननीय ज्येष्ठ सभासद, भ्याड हल्ला, गावाची अस्मिता, सगळं होतं त्यात. बाकं वाजली. पुष्पाबाई म्हणाल्या, “सूचक कुलदीप. अनुमोदक?”

सवयीनं सगळ्यांच्या माना महादेवरावांकडे वळल्या. आयुष्यभर वळत होत्या तशाच. महादेवराव जागे होते. सरळ बसलेले, डोळे उघडे.

“काका,” शेखर म्हणाला.

“उचलत नाही,” महादेवराव म्हणाले.

एकजण हसला. शेखर हसला नाही. “डावा चालते काका.”

महादेवरावांनी डावा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. शाळेत पोरं बसतात तसे.

पुष्पाबाईंनी घसा साफ केला. “दुसरं कोणी? अनुमोदक?”

मी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. ज्या पोरांनी शुक्रवारी सळ्या चालवल्या त्यांचे काका, मामा, मोठे भाऊ तिथं बसले होते. बाकं सगळ्यांनी वाजवली होती. पण खाली जमाव होता आणि समोर बाबू पेन घेऊन बसला होता. ज्याचं नाव लिहिलं जाईल त्याच्या दारात उद्या काय होईल हे प्रत्येकाला दिसत होतं, कारण महादेवरावांच्या बाबतीत ते सगळ्यांनी पाहिलं होतं. एकानं मोबाईल काढला. एकजण चपलेचा अंगठा नीट करायला वाकला तो वर येईना. कुलदीप सूचक होता, त्याला दोन्ही होता येत नव्हतं. त्या सभागृहात एवढी माणसं होती, आणि इतकी वर्षं ती सगळी एका म्हाताऱ्याच्या हातावर जगली होती. मला त्यांची किळस आली.

“अनुमोदक?” पुष्पाबाईंचा आवाज उतरला होता.

शेखर खुर्चीमागून निघाला. टेबलाला वळसा घालून तो महादेवरावांच्या मागं आला, त्यानं त्यांचा दंड धरला आणि मांडीखालून हात ओढून काढला. महादेवरावांनी पाय टेबलाला लावले. शेखर उंच माणूस आहे, जिमला जातो. त्यानं तो हात मनगटाला धरून सरळ वर उचलला, इतका की म्हातारा खुर्चीवरून अर्धा वर आला आणि खांद्यात काहीतरी निसटल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. या वेळी महादेवराव ओरडले. गुरासारखे ओरडले.

“हा घ्या अनुमोदक!” शेखर बोंबलला. “लिहा बे! लिहा!”

बाबूनं मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं. मुख्याधिकाऱ्यांनी छताकडे पाहिलं. मी टेबलावर चढले, पलीकडे उडी मारली आणि शेखरच्या मनगटाला चावले. तोंडात मांस आलं तरी सोडलं नाही. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्या कानशिलात मारली, पुन्हा मारली, पण महादेवरावांचा हात तो सोडेना. तो हात तसाच वर लटकत होता. आणि त्या हाताखालून महादेवराव बोलले. माईक बंद होता, पण सभागृहात एवढी शांतता होती की खालच्या पोरांनीही ऐकलं असेल.

“लिहा. हात शेखरनं उचलला. मायावाला इरोध.”

बाबूचं पेन हललं नाही.

“लिहा म्हटलं ना! मायावाला इरोध लिहा. अन् हेही लिहा. माया उजवा हात कोणी तोडला नाही. मीच ठेवला होता ऐरणीवर.”

बाबूनं खाली मान घातली आणि तो लिहायला लागला. पेनाच्या त्या आवाजानं का कोण जाणे, शेखरची पकड सुटली. महादेवराव खुर्चीत कोसळले. पुष्पाबाई आपल्या मुलाच्या मनगटातून टेबलावर पडणाऱ्या रक्ताकडे बघत राहिल्या. मग कागद उलटा ठेवून म्हणाल्या, “अनुमोदक नाही. विषय फेटाळला.”

त्या दिवशी मांडवखेड पेटलं नाही. खाली कोणीतरी पहिला दगड मारलाही होता, पोलिसांच्या गाडीची काच फुटली, दोन्हीकडची डोकी थोडी फुटली. पण ठराव नव्हता, तक्रार नव्हती, आणि ज्याच्या नावानं मारामारी करायची तोच म्हातारा दोन्ही हात लुळे पडलेले घेऊन जिन्यानं उतरत होता. त्याला वाट द्यायला दोन्ही बाजू मागं सरल्या. संकुलाचा सातवा ठराव अजून तसाच आहे. मंजूर ठरावही पुढच्या नेहमीच्या सभेत पुन्हा कायम करावा लागतो, तेव्हा त्याला अनुमोदक शोधावा लागेल, आणि मी तिथंच बसलेली असेन.

प्लास्टर निघायच्या कितीतरी आधीच महादेवराव एका सकाळी बाजारात आले. उजवा हात गळ्यात, डावा पट्ट्यानं छातीशी बांधलेला. निजामभाई वाकलेले टिनाचे पत्रे ठोकून सरळ करत होते. त्यांनी महादेवरावांना पाहिलं आणि हातोडा खाली ठेवला. भट्टीच्या मागं ठेवला, दिसणार नाही असा. बाकडं जळून गेलं होतं, तर त्यांनी एक रिकामा डबा उलटा करून दिला. पोऱ्या चहा ठेवून गेला.

महादेवराव ग्लासाकडे बघत बसले. एक हात दोस्तानं मोडलेला, दुसरा शेखरनं खांद्यातून निखळवलेला. ग्लास उचलणार कशानं? निजामभाई जवळ येऊन बसले आणि त्यांनी ग्लास महादेवरावांच्या तोंडाला लावला. अर्धा चहा प्लास्टरवर सांडला.

“साखर कमी हाय,” महादेवराव म्हणाले.

“पी ना बे गुपचूप,” निजामभाई म्हणाले, आणि तोंड फिरवून रडायला लागले. ग्लास मात्र त्यांनी तसाच धरून ठेवला होता.

मी गिरणी चालू केली. पट्ट्याच्या आवाजात रडलेलं कोणाला ऐकू येत नाही.